जुंपली तर परत नाही

आमच्या घरी सायकल होती, पण तिला चेन नव्हती. बाबा ती चालवत नसत, ढकलत. ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते. कापूस कमी येऊ लागला तशी जिनिंग वर्षातला बराच काळ बंद राहू लागली. मग बाबा शेतातली वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटत, तिच्या मोळ्या त्या सायकलवर लादत आणि जळतण म्हणून घरोघर विकत. लोकांच्या घरी सायकल माणसाला बसायला असते, आमच्या घरी पऱ्हाटीला बसायला होती. आई कापूस वेचायला जायची. बोंडं टोचून तिची बोटं फाटलेली असत, पण ती पदराखाली ठेवायची. पोरानं पाहिली तर कॉलेज सोडून देईल, असं तिला वाटायचं. तिचा अंदाज बरोबर होता.

मी अमरावतीला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या खानदानात कॉलेजचं फाटक आतून पाहिलेला मी पहिलाच. निकाल लागला तेव्हा बाबांनी गल्लीत साखर वाटली. शेजाऱ्यानं विचारलं, "बीएस्सी म्हंजे काय होते, भाऊ?" बाबा म्हणाले, "म्हंजे आता त्याले कोनी 'ए' म्हनू शकत नाही."

पहिला 'ए' मला पंधरवड्याच्या आत ऐकायला मिळाला, तोही अकोल्याच्या एका गॅरेजात, उस्तादाच्या तोंडून. मास्तरकी मिळत नव्हती, घरी चूल पेटायची होती. मी पाना हातात घेतला. पुढे बार्शीटाकळीला अकोला रोडवर स्वतःचं गॅरेज टाकलं आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : बी.एस्सी. गॅरेज. लोक हसले. हसू देत. पदवी काय चोरून आणली होती लपवायला? हळूहळू माझं नावच पुसलं गेलं. आजही रस्त्यात कोणी "ओ बीएस्सी!" म्हटलं की मी वळून पाहतो, आणि बायको घरी वैतागली की तीही तेच म्हणते.

माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. माझ्याकडे नव्या गाड्या कमी येत, जुन्या घेतलेल्या गाड्या जास्त. जुनी मोटारसायकल घेणारा माणूस पहिले आठ दिवस राजा असतो, मग माझं गिऱ्हाईक होतो. विकणाराही कमी नसतो. टाकी गळत असेल तर भेगेवर साबण घासून देतो, साबण पेट्रोलला बरेच दिवस धरून ठेवतो. इंजिन खडखडत असेल तर जाड ऑईल ओततो, मग ते तूप प्यायल्यासारखं गप्प बसतं. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी सुरू करून तापवून ठेवतो, कारण तापलेली गाडी पहिल्या किकला उठते. म्हणून माझा पहिला नियम : आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर म्हणा, चहा पिऊन येतो. गार झाल्यावर किक मारा.

कधी विकणाऱ्याचा दोष नसतोच. एका गुरुजींनी घेतलेली गाडी रोज शाळेच्या चढावर बंद पडायची. मी सगळं उघडलं. शेवटी टाकीच्या तोटीत तांदूळ सापडले. गाडी घरी आणली तेव्हा पूजा केली होती, आणि गुरुजींच्या आईनं 'आतूनबी ओवाळलं पायजे' म्हणून झाकण उघडून टाकीत अक्षता टाकल्या होत्या. मी तांदूळ काढून गुरुजींच्या हातावर ठेवले. ते म्हणाले, "आईले सांगू नको, ती म्हनंल तूच आशीर्वाद काढून टाकला."

तर ही ती वर्षं, जेव्हा वऱ्हाडाचं नाव पेपरात यायचं आणि ते वाचायला नको वाटायचं. चारा नव्हता, पाणी नव्हतं, लोक बैल विकत होते. आमच्याकडच्या बैलबाजारात जिथे जोड्यांच्या रांगा उभ्या राहायच्या, तिथे एका कडेला जुन्या मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. बैल गेले तसं माझं काम वाढलं. ही गोष्ट अभिमानानं सांगावी की कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या गाड्यांचा दलाल बैलांचाच दलाल होता. सोनाजी त्याचं नाव. खांद्यावर लाल उपरणं, तोंडात पान. त्याला गिअर माहीत नव्हता, पण सौदा माहीत होता. बैलाचा सौदा करतात तसाच तो गाडीचाही उपरण्याखाली बोटं धरून करायचा. नियमही बैलाचेच. विकणाऱ्यानं जनावराची खोड आधी सांगायची. पुढच्या बाजारापर्यंत न सांगितलेली खोड निघाली, तर जनावर परत. पण एकदा का घेणाऱ्यानं ते औताला जुंपलं, की परत नाही. मग ते मारकं निघो नाहीतर नांगराच्या तासात बसकण मारो, ते तुमचं.

"खोड काय हिची, सोनाजी?" कोणी गाडीबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "एकच. थंडीत उशिरा उठते. माह्या बायकोसारखी."

बैल घेताना लोक सोबत पारखी नेतात. तसे गाडी घेताना मला नेऊ लागले. त्या दिवशी मी युसूफचाचांसोबत गेलो होतो. युसूफचाचा पिंजारी. आमच्या गावापासून जवळच्या एका खेड्यात राहायचे, रुई पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे. दाढी पांढरी, त्यात रुईचे तंतू अडकलेले, त्यामुळे दाढी कुठे संपते आणि रुई कुठे सुरू होते ते कळत नसे. त्यांनी एक काळी शंभर सीसीची गाडी पसंत केली. मी गार इंजिनाला हात लावला, किक मारली, सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवून पाहिलं, बाजाराबाहेर एक चक्कर मारली. गाडी चांगली होती. मनापासून चांगली होती.

"घ्या चाचा," मी म्हणालो. आणि भोवती माणसं जमलेली पाहून जीभ जरा सैल सुटली. "खोड निघाली तं माह्या पाटीवरचं बीएस्सी पुसून टाका."

सोनाजीनं पान थुंकलं. "ऐकलं बरं का सगळ्यायनं! चुना मी आनून देतो."

बाजार हसला. मीही हसलो. पण बाजारात बोललेला शब्द आमच्याकडे कागदावर घ्यावा लागत नाही. तो कापसासारखा वाऱ्यावर गावोगाव जातो.

दोन दिवसांत चाचा गाडी ढकलत गॅरेजसमोर हजर.

"बीएस्सी, तू मले बसका बैल देल्ला रे."

"काय झालं?"

"गरम होते अन् बसते. मंग कितीबी लाता मार, उठत नाही. ठंडी झाली की आपोआप उठते, जशी काय नमाज पढून आली."

गाडी तोपर्यंत गार झाली होती. मी किक मारली, पहिल्या झटक्यात सुरू. अकोल्याच्या दिशेनं दूरवर नेली, परत आणली. लोण्यासारखी चालली. प्लग साफ केला, ऑईल पाहिलं. ऑईल काळं पडलं होतं, बदललं. चाचा गेले, आणि परत आले. या वेळी तक्रार वेगळी : "पेट्रोल लय पिते. चालते कमी अन् पिते जास्त. आमच्या साल्यासारखी."

मी टाकी बंद केली, हँडलला पेट्रोलची बाटली अडकवली, तिच्यातून नळी इंजिनाला जोडली आणि बाटली संपेस्तोवर चालवून पाहिली. आमच्या धंद्यात ॲव्हरेज असंच मोजतात. ॲव्हरेज उत्तम. चाचांना सांगितलं, तर ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले जसं मीच पेट्रोल प्यायलो होतो.

तिसऱ्या वेळी मागची चेन लोंबत होती. मागचं टायर मधोमध घासून गुळगुळीत झालेलं, पुढचं मात्र होतं तसं.

"चाचा, मांगं एवढं जड कोन बसते?"

चाचा जरा इकडेतिकडे पाहू लागले. "तुह्यी चाची."

मी मान हलवली. चाचीला मी पाहिलेलं नव्हतं. मनात म्हटलं, खात्यापित्या घरची असेल.

एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. चाचांची गाडी प्रत्येक वेळी धुऊनपुसून यायची. चाकाच्या तारा चकचकीत, इंजिनाच्या फटीफटी दात घासायच्या ब्रशनं घासलेल्या. बाकीची गिऱ्हाइकं गाडी चिखलासकट आणतात आणि वर म्हणतात, 'लवकर कर.' मी इतरांना चाचांची गाडी दाखवायचो. "पाहा, याले म्हंतात जीव लावनं."

पुढचा बाजार जवळ येत होता. सोनाजी गॅरेजवरून जाता जाता ओरडला, "चुना भिजू घातला रे बीएस्सी! ब्रश तुह्याकडं असंल ना?" मी हसून हात केला. पण गाडी परत गेली असती तर त्या बाजारात मला पुन्हा कोणी पारखी म्हणून नेलं नसतं. आणि पाटीवरची ती अक्षरं माझी एकट्याची नव्हती. बाबा येता-जाता त्या पाटीवर हात ठेवून मगच पुढे जात.

मी ठरवलं, आता गाडी माझ्याकडे येण्याची वाट पाहायची नाही, आपणच तिच्याकडे जायचं. बाजाराच्या आधी एका सकाळी, न कळवता, चाचांच्या खेड्यात गेलो. गावात शिरताच त्या गाडीचा आवाज कानावर आला. स्वतः तपासलेलं इंजिन मी आवाजावरून ओळखतो. गाडी वरच्या गिअरमध्ये, भरपूर रेस. मी रस्त्याच्या कडेला थांबलो, म्हटलं समोरून चाचा येऊन राहिले. आवाज येत होता, चाचा येत नव्हते. आवाज जवळही येईना आणि लांबही जाईना.

मी आवाजाच्या मागे गेलो. चाचांच्या घराशेजारी टिनाचं शेड होतं. आत रुई पिंजायची मशीन होती, आणि मशीनशेजारी ती काळी गाडी स्टँडवर उभी. मागच्या टायरवरून एक रुंद पट्टा मशीनच्या चाकावर गेलेला. ॲक्सिलेटर चिंधीनं बांधून ठेवलेला. मागचं चाक भन्नाट फिरत होतं, मशीन रुई पिंजत होती, आणि गाडी जागच्या जागी अकोला-मुंबई करत होती. शेडभर तंतू उडत होते. ते इंजिनावर असे बसले होते की इंजिन दिसतच नव्हतं. कोणी त्याला नवी कोरी रजई पांघरल्यासारखं वाटत होतं.

भिंतीशी एक बाई दाभणानं गादीला टाके घालत बसली होती. अंगानं ती दाभणासारखीच. तिनं मला पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "आ गया बीएस्सी. मी सांगतलं होतं यायले, डॉक्टरपासून मर्ज लपवू नोका." मग माझ्याकडे नीट पाहून, "अन् काहून रे, टायर मी घासलं काय? मी जड हाओ काय?"

चाचांनी गाडी बंद केली. 

"हे काय करून राह्यले चाचा?"

"मोटर हाय मशीनले," चाचा खाली पाहत म्हणाले. "पन लाईन कुठं हाय? दिवसा राहत नाही, रात्री येते. रात्री मशीन चालवली तं गाव शिव्या देते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सोनाजीनं काय म्हटलं होतं? जुंपली तं परत नाही. तू कोनाजवळ बोलला असता तं माह्या परतीचा हक गेला असता. म्हनून तं हरवेळी घासूनपुसून आनत होतो."

आता सगळा हिशेब लागला. दूरवर नेली की लोण्यासारखी चालणारी गाडी, घरी 'बसणारी' गाडी. मीटर पुढच्या चाकावर चालतं आणि पुढचं चाक जागेवर उभं, म्हणून पेट्रोल संपायचं पण अंतर वाढायचं नाही. आणि ज्या स्वच्छतेचं मी गावभर कौतुक करत होतो, ती पुरावा पुसण्याची होती. मला राग यायला हवा होता. मी पिंजलेल्या रुईच्या ढिगावर बसून हसत सुटलो.

पण चाचा हसले नाहीत. त्यांनी मला घरात नेलं. खोलीभर गाठोडी होती, कोणी जुन्या लुगड्यात बांधलेली, कोणी धोतराच्या पानात. प्रत्येक गाठोडं वेगळ्या घरचं, आणि ते कापडावरूनच ओळखायचं. ज्याच्या शेतातला कापूस, त्याच्याच गादीत गेला पाहिजे, असा गावाचा दंडक. त्या वर्षी विकायलाच कापूस नव्हता, तरी आदल्या हंगामाच्या शेवटच्या वेचणीतला थोडाथोडा लोकांनी पोरींच्या लग्नासाठी मागे ठेवला होता. तुळशीचं लग्न लागलं की लग्नं सुरू, आणि पोरीसोबत घरच्या रुईची गादी द्यायची असते.

"टायमावर नाही देल्ली तं लोक अकोल्याहून फोमची गादी आनतील," चाचा म्हणाले. "अन् एक डाव फोमवर झोपलेला मानूस पिंजाऱ्याकडं वापस येत नाही. मंग मशीन भंगारात घालतो अन् पोरीच्या घरी जाऊन बसतो. बाजारापर्यंत पाह्यतो. नाही चालली तं गाडी वापस."

म्हणजे गाडी परत गेली तर माझा शब्द जाणार होता आणि चाचांचा धंदा. मी बाह्या वर केल्या.

"चाचा, गाडीत खोड नाही. हिले वारा पायजे." इंजिनाच्या अंगावर पातळ पट्ट्या असतात, त्या शोभेच्या नसतात. गाडी धावते तेव्हा त्यांच्यातून वारा जातो आणि इंजिन गार राहतं. उभ्या गाडीला वारा कुठला? त्यात वरून ही रजई. आतला पिस्टन तापून फुगतो आणि नळकांड्यात अडकून बसतो. गार झाला की सुटतो.

"म्हंजे हिले पंख्याखाली ठेवाव लागंल?" चाची म्हणाली. "मले तं उन्हाळ्यातबी कोनी ठेवत नाही."

कोपऱ्यात त्यांचा जुना कूलर पडला होता. अकोल्याकडे माणूस जेवणाशिवाय राहील, पण उन्हाळ्यात कूलरशिवाय राहणार नाही. आणि हिवाळ्यात त्याला कुत्रं विचारत नाही. त्याची मोटर तशीही विजेवाचून निरुपयोगी. मी पंख्याचं पातं तेवढं काढलं, एका दांड्यावर बसवलं आणि मशीनच्या आसावरून छोटा पट्टा देऊन ते गाडीसमोर फिरतं केलं. गाडी मशीनला फिरवेल, मशीन पंख्याला, पंखा गाडीला गार करील. बी.एस्सी.ला शिकलेलं सगळं त्या क्षणी आठवलं आणि छाती फुगली.

गाडी सुरू केली. पंख्यानं पहिल्याच झटक्यात शेडमधली सगळी रुई उचलली आणि आमच्यावर फेकली. काही दिसेना. धुरळा बसला तेव्हा चाचीच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"हे बीएस्सीत शिकवते काय?" ती म्हणाली.

मी पातं फिरवून बसवलं, म्हणजे वारा शेडच्या बाहेरून आत येईल. मशीन आणि गाडीच्या मधे ओला बारदाना पडद्यासारखा टांगला, त्याला तंतू चिकटू लागले. हवा घेण्याच्या जाळीत रुईचा बोळा बसला होता, तो काढला. रेस कमी ठेवून चिंधी नव्यानं बांधली. आणि चाचांना बजावलं, "बैलाले दुपारी सोडता ना? हिलेबी सोडायची. अन् ऑईल लवकर लवकर बदलायचं."

गाडी दुपारपर्यंत चालली. बसली नाही. मी इंजिनाशी हात नेला, चटका बसण्याइतकं गरम, पण जीव जाण्याइतकं नाही.  चाचांनी एक गाठोडं सोडलं आणि मशीनमध्ये रुई घालायला लागले. चाचीनं मला चहा दिला. चहातही तंतू होता.

पण इंजिन एक दिवस चालणं वेगळं आणि रोज चालणं वेगळं. बाजाराच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा चाचा गाडी घेऊन येताना दिसले. म्हटलं, परत द्यायलाच आणली. सोनाजी खरोखरच चुन्याचा डबा घेऊन उभा होता. काठीला चिंधी बांधून ब्रशही केला होता. भोवती मंडळी जमलेली.

"या चाचा! खोड निघाली म्हन्तात?"

चाचांनी गाडी स्टँडवर लावली. या वेळी ती धुतलेली नव्हती. फटीफटीतून पांढरे तंतू लोंबत होते.

"निघाली ना," चाचा म्हणाले. "खोड माह्यीच निघाली. मी हिले जुंपली."

सोनाजीच्या तोंडातलं पान थांबलं. "मोटरसायकल जुंपली? कायले?"

"रुई पिंजायच्या मशीनले."

"मंग नियमानं परत नाही, चाचा."

"परत मांगते कोन? तिनं तासात बसकन मारली नाही. बीएस्सीनं तिच्यासाठी पंखा लावला."

लोक हसले. सोनाजीनं चुन्याचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "आता हा चुना वाया जाईल ना बे. माह्यं घर तरी रंगवून दे." मग बाजाराकडे वळून ओरडला, "ऐका हो! गाडीबी जुंपाले चालते! पारखी हा बीएस्सी!"

त्याच्या या जाहिरातीचा मला पुढे फार त्रास झाला. कोणी फवारणीचा पंप जोडून मागितला, कोणी कडबा कापायची मशीन. एकानं तर विहिरीच्या मोटेबद्दल विचारलं. काहींना मी हो म्हटलं, काहींना हाकललं, कारण गाडी शेवटी गाडी असते, आणि हाकलताना वाटायचं, यांच्या दारात बैल असते तर यांनी मला कशाला विचारलं असतं? पण ते माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात पाना होता.

चाचांची गाडी मध्ये दोनदा आली, एकदा पट्ट्यासाठी, एकदा ऑईलसाठी. दोन्ही वेळा धुतलेली नव्हती, आणि मी ती कोणाला दाखवली नाही. त्या हिवाळ्यात शेवटच्या लग्नाच्या आधी युसूफचाचांनी गावची सगळी रुई पिंजून दिली. त्या वर्षी त्या गावातून एकही पोरगी फोमची गादी घेऊन सासरी गेली नाही.